घरचा कॉम्प्युटर बाहेरून चालवायचाय? राउटरचं दार उघडण्याआधी हे समजून घ्या

टॅलीचा सगळा डेटा दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे आणि हिशेब बघणारी व्यक्ती आठवडाभर गावी आहे. डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं, डोंगल पुण्यातल्या मशीनला लावलेलं आहे आणि गिऱ्हाइकाला लग्नपत्रिकेतलं एक नाव आत्ताच्या आत्ता बदलून हवंय. मुलगी नोकरीसाठी परदेशात आहे आणि घराची, जमिनीची स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं ठाण्याच्या घरी असलेल्या पीसीवर आहेत.

अशा वेळी एकच विचार मनात येतो : तो कॉम्प्युटर इथे बसून चालवता आला तर?

चालवता येतो. त्याची सोय विंडोजमध्येच आहे. नेटवर शोधलं की ‘पाच मिनिटांत करा’ छाप उपायही लगेच सापडतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जायचं, ३३८९ नंबरचं पोर्ट उघडायचं, झालं काम! हा उपाय खोटा नाही. तो खरंच चालतो. पण घोळ असा की, तो फक्त तुमच्यासाठी चालत नाही, जगातल्या कुणासाठीही चालतो.

म्हणून ही सगळी भानगड नेमकी काय आहे, राउटर मध्ये का येतो, पोर्ट उघडणं म्हणजे काय आणि सुरक्षित मार्ग कोणता, हे नीट समजून घेऊया.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय?

सोपं आहे. कॉम्प्युटर एका जागी आणि त्याचा स्क्रीन, कीबोर्ड, माउस दुसऱ्या जागी. लांब बसलेला माणूस जे टाइप करतो ते इंटरनेटवरून घरच्या मशीनकडे जातं आणि त्या मशीनच्या स्क्रीनवर जे दिसायला हवं ते उलट त्याच्याकडे येतं. प्रोग्राम चालतो घरच्याच कॉम्प्युटरवर. त्यामुळे हातात साधा लॅपटॉप किंवा टॅब असला तरी चालतं.

विंडोजमध्ये हे काम ‘रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल’ म्हणजे आरडीपी करतो. मायक्रोसॉफ्टने तो १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी प्रोफेशनल आलं आणि ही सोय साध्या ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचली.

पण एक अट आहे. ज्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरायचं आहे, त्याच्यावर विंडोजची प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. दुकानातून घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपवर ‘होम’ आवृत्ती असते आणि तिच्यात ही सोय नसते. होम आवृत्तीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येतं, पण दुसऱ्याला तिच्यात येता येत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडलं की आपली आवृत्ती कोणती ते दिसतं. होम असेल तरी निराश व्हायचं कारण नाही, त्याचा मार्ग पुढे आहे.

आधी घरातल्या घरात चालवून बघा

राउटरला हात लावण्याआधी हे काम घरच्या वायफायवर जमतंय का, ते बघावं. इथे जमलं नाही तर बाहेरून जमण्याचा प्रश्नच नाही.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टीम’, मग ‘रिमोट डेस्कटॉप’ असं जाऊन बटण सुरू करायचं. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड दिली की त्या कॉम्प्युटरचा घरातला पत्ता दिसतो. तो साधारण १९२.१६८.१.२५ असा असतो. आता दुसऱ्या लॅपटॉपवर ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ हा प्रोग्राम उघडायचा, हा पत्ता टाकायचा आणि युजरनेम-पासवर्ड द्यायचा.

इथे लोक हमखास तीन ठिकाणी अडतात.

पहिलं, पिन चालत नाही. रोज चार किंवा सहा आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडणाऱ्यांना खरा पासवर्ड आठवतच नाही. रिमोट डेस्कटॉपला मात्र खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्या खात्याचा.

दुसरं, पासवर्डच नसलेलं खातं चालत नाही. घरचाच कॉम्प्युटर म्हणून पासवर्ड रिकामा ठेवला असेल तर विंडोज बाहेरून येऊ देत नाही, आणि ते बरंच आहे.

तिसरं, कॉम्प्युटर झोपी जातो. तो ‘स्लीप’मध्ये गेला की जोडणी होत नाही. म्हणून ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करावं लागतं. स्क्रीन बंद झाला तरी चालतो, मशीन जागं राहिलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. बाहेरून कुणी जोडलं की घरी असलेला स्क्रीन लॉक होतो. घरात कुणी त्यावर काम करत असेल तर आधी फोन करून सांगितलेलं बरं!

घरात चालतं, मग बाहेरून का नाही?

याचं उत्तर राउटरमध्ये आहे.

मोठ्या सोसायटीचा विचार करा. बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच : सोसायटीचं नाव आणि रस्ता. आत दोनशे फ्लॅट असतात. कुणी जेवण मागवलं तर गेटवर वॉचमनकडे नोंद असते, ‘३०४ मध्ये पार्सल येणार आहे.’ डिलिव्हरीवाला आला की त्याला आत सोडलं जातं. पण कुणीही न बोलावता एखादा अनोळखी माणूस आला तर वॉचमन विचारतो, ‘कुणाकडे जायचंय?’ उत्तर नसेल तर गेटवरूनच परत.

राउटर नेमकं हेच करतो. इंटरनेट कंपनी घराला एकच सार्वजनिक आयपी पत्ता देते. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांना राउटर आतले खासगी पत्ते वाटतो. घरातून कुणी एखादी वेबसाइट उघडली की राउटर त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्याच उपकरणाकडे पाठवतो. याला ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन’ किंवा थोडक्यात नॅट म्हणतात. बाहेरून स्वतःहून आलेली हाक मात्र कुणासाठी आहे हे राउटरला कळत नाही. मग तो ती सोडून देतो.

१०, १९२.१६८ आणि १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे पत्ते असे ‘आतले’ म्हणून १९९६ मध्ये राखून ठेवले गेले. म्हणूनच नागपूरच्या घरात आणि नॉर्वेच्या घरात एकाच वेळी १९२.१६८.१.२५ हा पत्ता असू शकतो. बाहेरच्या जगात त्याला काही अर्थ नसतो.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला दिलेली कायमची सूचना

‘या दारावर कुणी आलं की थेट ३०४ नंबरमध्ये पाठवा’ असं वॉचमनला सांगून ठेवलं तर? त्यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

एका आयपी पत्त्यावर ६५,५३५ क्रमांकांपर्यंत पोर्ट असतात. प्रत्येक प्रकारच्या कामाचा पोर्ट ठरलेला असतो. सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३, तर रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९. राउटरला सांगायचं की ३३८९ वर आलेली हाक १९२.१६८.१.२५ या कॉम्प्युटरकडे पाठव.

हे करण्याची रीत साधारण अशी :

१. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरच्या खालच्या स्टिकरवर तो लिहिलेला असतो.

२. घरच्या कॉम्प्युटरचा आतला पत्ता पक्का करायचा. नाहीतर लाइट गेल्यावर राउटर पुन्हा सुरू होतो, पत्ते नव्याने वाटतो आणि २५ नंबर मोबाइलला मिळतो. मग सूचना चुकीच्या फ्लॅटवर जाते. यासाठी राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ ही सोय असते.

३. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या पानावर बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट आणि आतला पत्ता भरायचा.

४. आपल्या घराचा सार्वजनिक पत्ता शोधून बाहेरून त्याच्याशी जोडायचं.

तो सार्वजनिक पत्ताही कायमचा नसतो. घरगुती कनेक्शनला कंपनी तो अधूनमधून बदलून देते. त्यावर उपाय म्हणजे ‘डायनॅमिक डीएनएस’. यात घराला एक नाव मिळतं आणि पत्ता बदलला की राउटर स्वतःच त्या नावासमोर नवा पत्ता नोंदवतो.

हे इथे सांगितलंय ते यंत्रणा कळावी म्हणून. रिमोट डेस्कटॉपसाठी हे असं करू नये. का करू नये, ते पुढे आहेच. पण त्याआधी भारतात अनेकांना येणारा एक वेगळाच अनुभव बघू.

सगळं बरोबर केलं, तरी चालत नाही!

राउटरमध्ये सगळं नीट भरलं, चार वेळा तपासलं, तरी बाहेरून जोडणी होत नाही. दोष तुमचा नसतो. कारण तुमच्या सोसायटीच्या गेटबाहेर आणखी एक गेट असतं आणि तिथला वॉचमन इंटरनेट कंपनीचा असतो.

झालं असं की, जुन्या पद्धतीच्या म्हणजे आयपीव्ही४ च्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. त्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. मग कंपन्यांनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ अशी पत्त्यांची वेगळी रांगच राखून ठेवली गेली.

आपण यात आहोत का, हे ओळखणं सोपं आहे. राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर ‘वॅन आयपी’ असा पत्ता दिसतो, तो लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी पत्ता काय’ असं शोधा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमच्याच राउटरवर आहे. वेगळे असतील तर मध्ये आणखी एक गेट आहे. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर ते सीजीनॅटच. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीचा फायबरचा डबा आणि तुम्ही घेतलेला राउटर, असे दोन राउटर एकामागे एक लागलेत.

सीजीनॅट असेल तर राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. काही कंपन्या जादा पैसे घेऊन ‘स्टॅटिक आयपी’ देतात. पण पैसे भरण्याआधी थांबा, कारण त्याची गरज बहुतेकांना नसते.

नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही आणि भारत तिच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. पण तिथेही राउटरची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या हाका अडवते आणि तिला भोक पाडलं की धोका तोच राहतो.

आणखी एक गंमत. घरातच बसून सार्वजनिक पत्त्याने जोडायचा प्रयत्न केला तर काही राउटर ते होऊ देत नाहीत. त्यामुळे चाचणी घ्यायची तर मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून घ्यावी.

उघड्या पोर्टचा खरा धोका

‘माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर कोण कशाला येईल? मी कोण मोठा?’ असं अनेकांना वाटतं. पण शोधणारा तुम्हाला शोधतच नसतो. तो उघडी दारं शोधत असतो.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘झीमॅप’ नावाचं साधन तयार केलं. एका साध्या सर्व्हरवरून, वेगवान कनेक्शनवर, आयपीव्ही४ च्या सगळ्या पत्त्यांवरचं एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे आख्ख्या जगात कुणाचं ३३८९ उघडं आहे, याची यादी करायला एक तासही लागत नाही. ‘शोडान’ हे सर्च इंजिन तर २००९ पासून इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांची अशीच नोंद ठेवतं.

यादी मिळाली की पुढचं काम प्रोग्राम करतो. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘अ‍ॅडमिन’, ‘युजर’ अशी नावं आणि नेहमीचे पासवर्ड एकामागून एक टाकून बघितले जातात, दिवसरात्र. मुलाचं नाव आणि जन्मसाल असा पासवर्ड यात किती टिकेल?

सापडलेल्या चाव्यांचा बाजारही भरतो. ‘एक्सडेडिक’ नावाच्या अशा एका चोरबाजारात ७०,००० हून जास्त सर्व्हरांचे रिमोट डेस्कटॉप विकायला ठेवले होते, असं कॅस्परस्की कंपनीने २०१६ मध्ये उघड केलं. किंमत ६ डॉलरपासून पुढे! जानेवारी २०१९ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या यंत्रणांनी मिळून तो बाजार बंद पाडला.

विकत घेणारा काय करतो? बहुतेकदा सगळ्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागतो. ‘सॅमसॅम’ नावाच्या रॅन्समवेअरची टोळी रिमोट डेस्कटॉपच्या वाटेने शिरण्यासाठीच ओळखली जायची. अमेरिकेच्या एफबीआयने २०१८ मध्ये याच वाटेबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये अटलांटा शहराच्या महापालिकेवर सॅमसॅमचा हल्ला झाला. बिलं भरण्यापासून कोर्टाच्या कामापर्यंत अनेक सेवा अडल्या.

‘माझा पासवर्ड भक्कम आहे’ हेही पुरेसं नाही. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ ही त्रुटी समोर आली. विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ती होती. तिच्यामुळे पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. प्रकरण इतकं गंभीर होतं की, पाच वर्षांपूर्वी ज्याचा सपोर्ट संपला होता त्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. आज विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. अजून त्यावरच असलेला आणि अपडेट न मिळणारा कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे पुढच्या त्रुटीची वाट बघत बसणं.

पोर्टचा नंबर बदलला तर?

३३८९ ऐवजी ५०,१२३ ठेवलं की कुणाला कळणार नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने वरवर चाळणाऱ्यांची गर्दी कमी होते, एवढंच. एका पत्त्यावरचे सगळे पोर्ट तपासायलाही फार वेळ लागत नाही आणि दार ठोठावलं की आतून रिमोट डेस्कटॉपच उत्तर देतो. घराचं दार मागच्या बाजूला हलवलं म्हणून कुलूप मजबूत होत नाही.

मग योग्य मार्ग कोणता?

तत्त्व एकच आहे : रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. आधी सुरक्षित बोगद्यातून घराच्या नेटवर्कमध्ये शिरायचं आणि मग आतल्या आत रिमोट डेस्कटॉप वापरायचा. या बोगद्यालाच व्हीपीएन म्हणतात.

मार्ग १ : राउटरवरचं व्हीपीएन. काही राउटरमध्ये ‘ओपनव्हीपीएन’ किंवा ‘वायरगार्ड’ची सोय असते. ती सुरू करायची, तयार होणारी फाइल किंवा क्यूआर कोड आपल्या लॅपटॉप-मोबाइलमध्ये घालायचा. यातही एक पोर्ट उघडावं लागतं, पण फरक मोठा आहे. वायरगार्डमध्ये पासवर्डऐवजी लांबलचक गुप्त किल्ली असते. ती नसलेल्या कुणी दार ठोठावलं तर तो उत्तरच देत नाही. बाहेरच्याला तिथे दार आहे हेही कळत नाही. अट एकच, सार्वजनिक पत्ता लागतो. म्हणजे सीजीनॅटवाल्यांना हा मार्ग नाही.

मार्ग २ : टेलस्केलसारखी सेवा. सीजीनॅटमध्ये अडकलेल्यांसाठी हा सगळ्यात सोयीचा. घरचा कॉम्प्युटर आणि हातातला लॅपटॉप, दोन्हींवर हे अ‍ॅप टाकून एकाच खात्याने लॉगिन करायचं. दोन्ही उपकरणं आतून बाहेर जोडणी करतात. वॉचमनच्या भाषेत सांगायचं तर दोघांनीही पार्सल ‘मागवलेलं’ असतं, म्हणून कुठलंच गेट अडवत नाही. राउटरमध्ये काहीही बदलावं लागत नाही. घरच्या कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, तोच रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकायचा. वैयक्तिक वापरासाठी ही सेवा फुकट मिळते आणि आत वायरगार्डच वापरलेलं आहे.

यात दोन गोष्टी आठवणीने कराव्यात. घरच्या कॉम्प्युटरवर ‘रन अनअटेंडेड’ हा पर्याय सुरू करायचा, म्हणजे कुणी लॉगिन केलेलं नसतानाही सेवा चालू राहते. आणि त्या कॉम्प्युटरसाठी ‘की एक्स्पायरी’ बंद करायची. नाहीतर ठरलेली मुदत, जी सहसा १८० दिवस असते, संपली की पुन्हा लॉगिन मागितलं जातं आणि नेमकं तेव्हाच तुम्ही हजार किलोमीटर लांब असता.

मार्ग ३ : तयार अ‍ॅप. विंडोज होमवाल्यांसाठी हा मार्ग. ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ फुकट आहे आणि कुठल्याही आवृत्तीवर चालतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर हीसुद्धा त्याच प्रकारातली. यातही दोन्ही बाजू कंपनीच्या सर्व्हरकडे आतून जोडणी करतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही.

मार्ग कुठलाही घ्या, ज्या गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करता, त्याला दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावलंच पाहिजे. कारण आता घराची किल्ली म्हणजे ते खातं आहे.

याच अ‍ॅपने फसवणूकही होते

‘बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, हे अ‍ॅप टाका आणि त्यावर दिसणारा नंबर सांगा.’ हा फोन अनेकांना येऊन गेलाय. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. यात अ‍ॅपचा दोष नसतो. तो नंबर सांगणं म्हणजे घराची किल्ली फोनवरून देणं असतं.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाइल-कॉम्प्युटरवर असं अ‍ॅप टाकून दिलं असेल तर त्यांना एवढं सांगून ठेवा : घरच्या माणसाशिवाय कुणालाही हा नंबर द्यायचा नाही, समोरचा स्वतःला कुणीही म्हणवत असला तरी. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

निघण्याआधी ही तयारी करा

लाइट जाऊन परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल का? बऱ्याच डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू करण्याचा पर्याय असतो. तो चालू करा. राउटरला छोटा यूपीएस लावला तर मध्येच जोडणी तुटत नाही.

काम संपल्यावर ‘शट डाउन’ करू नका, ‘डिस्कनेक्ट’ करा. सवयीने शट डाउन झालं तर घरी जाऊन बटण दाबणारं कुणीतरी लागेल.

घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग तपासा. स्क्रीनचं चित्र घरून बाहेर जातं, त्यामुळे इथे डाउनलोड नाही, अपलोड महत्त्वाचा.

आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही.

पोर्ट आधीच उघडलेलं असेल तर?

कधीतरी एखाद्या ओळखीच्याने ‘सेटिंग करून दिलं’ होतं आणि सगळे विसरून गेले, असं अनेक दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत असतं. त्यामुळे एकदा तपासून बघावं.

राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ आणि ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ ही पानं उघडा. ३३८९ कडे जाणारी नोंद असेल तर काढून टाका. बाहेरचा नंबर वेगळा आणि आतला ३३८९ असाही असू शकतो, तोही काढा. ‘डीएमझेड’ सुरू असेल तर बंद करा, कारण त्यात एका कॉम्प्युटरची सगळीच दारं उघडी होतात. ‘यूपीएनपी’ची गरज नसेल तर तेही बंद ठेवा, त्यामुळे प्रोग्राम परस्पर पोर्ट उघडू शकतात. राउटरचं ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करा आणि त्याचा मूळ पासवर्ड बदला.

मग विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिक्युरिटी’ उघडा. ४६२५ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे लॉगिनचे फसलेले प्रयत्न. एखाद-दुसरी नोंद आपलीच चूक असू शकते. पण अनोळखी नावांच्या शेकडो नोंदी दिसल्या तर समजावं की दार बरेच दिवस ठोठावलं जात होतं. अशा वेळी पोर्ट बंद करून सगळे पासवर्ड बदलावेत आणि अनोळखी युजर खातं तयार झालेलं नाही ना, तेही बघावं.

थोडक्यात सांगायचं तर घरचा कॉम्प्युटर बाहेरून वापरण्यात वाईट काही नाही. टॅली असो, डीटीपी असो की जुनी कागदपत्रं, यामुळे खूप धावपळ वाचते. फक्त रस्ता व्हीपीएनचा किंवा भरवशाच्या अ‍ॅपचा घ्या. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या दुकानात असं ‘सेटिंग करून दिलेलं’ असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.